सोन्याच्या घंगाळातल्या दोन विजया

एका राज्यात मूल जन्मलं की आई त्याच्या नावानं विजयेचं बी पेरीत असे. विजया म्हणजे भांगच. पण त्या राज्यात तिचं नाव घेताना कुणी डोळे मिचकावीत नसे. ती वर्षात वाळतही नसे. माणूस जगे तोवर ती जगे. तिचं पान पिवळं पडलं की माणसाला ताप येई आणि ती कोलमडली की माणूस जाई. म्हणून रीत अशी होती, की एका मुलाला एक कुंडी. प्रजेच्या मुलांना मातीची, आणि राजाच्या मुलाला खजिन्यातलं सोन्याचं घंगाळ.

घंगाळ एकच होतं. राणी पद्मरेखेला मुली झाल्या दोन.

सुईण गोदाक्का म्हणाली, आधी आलेली ती चंपा, तिला सोनं. मागून आलेली ती जुई, तिला माती. राजा चंद्रकेतूनं मान डोलावली. राणीला मात्र ते पटेना. माहेरी ती धाकटी होती. थोरल्या बहिणीची कुंडी चौरंगावर आणि आपली पायरीवर, हे तिनं लहानपणभर पाहिलं होतं. शिकलेली बाई, झाडांचं शास्त्र तिला पाठ होतं. एका कुंडीत दोन रोपं लावू नयेत, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. पण ते शास्त्र रचणाऱ्याला जुळ्या मुली नव्हत्या, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

“माझ्या पोटात मावल्या, तर घंगाळात मावतील, महाराज,” ती म्हणाली, आणि दोन्ही बिया तिनं एकाच मातीत पेरल्या.

दोन्ही कोंब एकदमच वर आले. राणीला वाटलं, जिंकलं.

मग चंपाची विजया उंच झाली. तिनं पानांचे पंजे पसरले आणि जुईची विजया त्यांच्या सावलीत गेली. इकडे चंपा अंगणभर धावू लागली. जुई उशीला टेकून बसे, तिचे पाय वातीसारखे. राणीनं पाणी वाढवलं, तर माती आंबली. खत वाढवलं, तर तेही चंपाच्याच विजयेनं खाल्लं. सकाळी ती घंगाळ उन्हाकडे फिरवी, दुपारी तिला वाटे उलटंच फिरवलं, की परत फिरवी. राजवैद्य म्हणाले, राणीसाहेबांनी काळजी करू नये. मग त्या काळजीचीही तिला काळजी लागली.

एके दिवशी घंगाळाच्या काठावर साळुंकी येऊन बसली आणि बोलू लागली.

“शास्त्र शिकलीस ना गं राणी? मग हे काय केलंस?”

“दोघींना सारखं दिलं,” राणी म्हणाली.

“सारखं दिलंस, पण वेगळं दिलं नाहीस.” साळुंकीनं चोच पुसली आणि सगळं सांगितलं. हे घंगाळ राणीच्या आजेसासऱ्यानं कालकंठ मांत्रिकाच्या गुहेतून लुटून आणलेलं. त्याचा शाप होता, की यात दोघांचं कधी पुरणार नाही. आता जुईचं रोप जाईल, आणि त्याची मुळं कुजली की त्यांच्यात गुंतलेली चंपाची विजयाही जाईल, आणि तिच्याबरोबर चंपाही.

राणी तशीच उठली आणि गुहेकडे चालू लागली.

कालकंठ म्हातारा झाला होता. तो म्हणाला, “इतकी वर्षं वाट पाहिली. लुटारूंचं कुणी येईल वाटलं होतं, आई आली.”

“तुमचं घंगाळ घ्या. माझ्या मुली द्या.”

“तीन कामं आहेत. दोन कुंड्या तुझ्या हातानं घडव. सर्पाच्या तळ्याचं पाणी आण. त्या पाण्यात मुळं सोडव. सुटेल ते ज्याचं त्याचं. न सुटेल ते एकीचं कापावं लागेल. कुणाचं, हे मी सांगणार नाही.”

राणीनं चाकावर माती धरली. पहिल्या कुंड्या फसकल्या, पुढच्या वाकड्या झाल्या, पण पाणी धरून राहिल्या. तळ्यावर सर्पानं फणा उभारून विचारलं, कुठल्या लेकीसाठी नेतेस? राणी म्हणाली, दोघींसाठी. सर्प म्हणाला, सगळ्या आया असंच म्हणतात, आणि त्यानं वाट दिली.

तिसरं काम महालाच्या अंगणात झालं. राणीनं घंगाळ उपडं केलं, मातीचा गोळा परातीतल्या पाण्यात ठेवला आणि बोटांनी मुळं विंचरायला बसली. मुलींचे केस न्हाऊ घातल्यावर विंचरावेत, तशी. धागा धागा सुटत गेला. हा चंपाचा, हा जुईचा. जुई उशीला टेकून डोळे मिटून होती. चंपा उंबऱ्यावर बसून आईचे हात बघत होती.

शेवटी एक गाठ राहिली. चंपाचं जाडजूड मूळ जुईच्या एकुलत्या मुळाला विळखा घालून बसलं होतं. जुईचं कापलं तर जुई संपली. राणीनं विळी घेतली. तिनं चंपाचं मूळ कापलं.

उंबऱ्यावर चंपा रडली नाही. फक्त तिनं डावा पाय पोटाशी ओढून घेतला.

शाप तिथंच सुटला. घंगाळ आपोआप गडगडत गुहेकडे निघून गेलं. वाकड्या कुंड्यांत दोन विजया उभ्या राहिल्या. जुई उठून चालू लागली. चंपाची विजया जगली, पण एका बाजूनं खुरटी राहिली. चंपाही जगली, पण तिचा डावा पाय कायमचा ओढत राहिला. राजानं दवंडी पिटवली, की यापुढे राजाच्या मुलालाही मातीचीच कुंडी, आणि ज्याची त्याला. राज्य सुखी झालं. फक्त राणी अंगणातून कुणी धावत गेलं की पाठ फिरवी.

मुली मोठ्या झाल्या. जुई मुद्दाम हळू चाले, म्हणजे चंपा मागं पडू नये. एका संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालताना चंपानं विचारलं, “आई, माझंच का कापलंस?”

हे उत्तर राणीनं वर्षानुवर्षं मनात घोकलं होतं. “तुझ्याकडे कापण्याजोगं होतं, बाळा. तिच्याकडे नव्हतं.”

चंपानं आपल्या विजयेची खुरटी बाजू कुरवाळली.

“मी तिथंच बसले होते,” ती म्हणाली. “विचारलं असतंस, तर मी हो म्हटलं असतं.”

चंपानं राणीच्या हातातली झारी काढून घेतली, आधी जुईच्या कुंडीत पाणी घातलं, मग स्वतःच्या, आणि पाय ओढत आत गेली.

त्या राज्यात आजही शेजारशेजारच्या कुंड्यांतून बाहेर पडून गुंतलेली मुळं सोडवायची वेळ येते. तेव्हा आई आधी विळी खाली ठेवते, मुलांना जवळ बोलावते आणि विचारते.