मोहरची हिरवी सावली

एका राज्यात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. एका जादूगाराने तो चोरून पेटीत कोंडला होता आणि पेटी काळ्या डोंगरात ठेवली होती. तेव्हापासून नवरा बायकोने वाढलेला पहिला घास मांजराला घाली, मगच जेवी. मांजरे मात्र गलेलठ्ठ झाली होती. त्या राज्यात पुरुषाची सावली निळी पडे, बाईची तांबडी. वेशीवर सावल्या तपासायला पारखी बसे.

एके दिवशी गोदाक्का कुंभारीण आपले तरणेताठे लेकरू मोहर याला घेऊन वेशीवर आली. मोहरची सावली हिरवी पडली. पारखी ओरडला. चेटूक लपवले म्हणून राजाने गोदाक्काला कैद केले आणि अमावास्येला सुळावर द्यायचे ठरवले.

मोहर दरबारात आले. "महाराज, विश्वासाची पेटी आणीन. आईला सोडा."

"आण, सोडीन. पण तिथे कुणी विचारले तर स्वतःला पुरुष म्हणव. तेच बरे."

मोहर निघाले. डोंगरात वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड झालेले वीर उभे होते. पहिल्या वळणावर पोपटाने विचारले, "पुरुष?"

"नाही."

दुसऱ्या वळणावर साळुंकीने विचारले, "स्त्री?"

मोहरला क्षणभर हो म्हणावेसे वाटले, कारण आईचा जीव पणाला लागला होता. तरी ते म्हणाले, "नाही."

तिसऱ्या वळणावर घुबड होते. "मग अर्धे हे, अर्धे ते? की काहीच नाही?"

"अर्धे नाही, रिकामेही नाही. मी पुरते आहे, आणि वेगळेच आहे."

"त्याला नाव?"

"अजून कुणी ठेवले नाही."

"इथे येणारा प्रत्येक जण आमच्यावर संशय घेई, खोटे सांगे आणि दगड होई," घुबड म्हणाले. "खरे बोलणारे तू पहिलेच." त्याने पेटी पुढे ढकलली. घुबडच जादूगार असेल, असा संशय मोहरलाही आला. तेही त्याच राज्यात वाढलेले ना! तरी पेटी उचलून ते माघारी आले.

दरबारात पेटी उघडली. आत काहीच नव्हते.

"चोरला!" प्रधान गरजला. शिपायांनी गोदाक्काच्या गळ्याला तलवार लावली.

राजाने विचारले, "मोहर, विश्वास कुठे आहे?"

"ठाऊक नाही, महाराज. मी पेटी वाटेत उघडली नाही."

राजाने पेटीचे झाकण लावले. मग म्हणाला, "उघडली नाही म्हणतेस ना? मग नसेल उघडली. कुंभारणीला सोडा."

दरबार थक्क झाला. राजा स्वतः सर्वांत जास्त थक्क झाला, कारण त्याने पुरावा मागितलाच नव्हता. त्याच घटकेला डोंगरातले वीर जांभया देत जागे झाले.

गोदाक्काने मोहरला पोटाशी धरले आणि ती रडू लागली. "लेकरा, तू वेगळे आहेस, हे लहानपणीच मला सांगितले होतेस. मी मान डोलवली, पण मला ते खरे वाटले नव्हते."

"आणि आता, आई?"

"आता वाटते."

त्यांचा संशयाचा शाप असा सुटला, ऐकणाऱ्यांचाही सुटो.