'ढ' ठरण्याची परीक्षा

फार लांब नाही, इथंच डोंगराच्या पलीकडे उंबरवन नावाचं एक रान होतं. त्या रानावर वाघ राज्य करायचा, पण रीतसर निवडून येऊन. दर निवडणुकीला इतर उमेदवारही उभे राहायचे. वाघमहाराज स्वतः त्यांच्या घरी विचारपूस करायला जायचे, आणि त्यानंतर ते उमेदवार कुणाला दिसायचे नाहीत. त्यामुळे निवडणूक नेहमी शांततेत पार पडायची.

रानात एक शाळा होती. सातवीच्या वर्गात, सगळ्यांत मागच्या बाकावर, बाभळी नावाची सायाळीची मुलगी बसायची. अंगभर काटे असल्यामुळे तिच्या शेजारी कुणी बसत नसे. बाभळी स्वभावानं गरीब होती, कामाला चपळ होती, फक्त वाचताना अडायची. साधे शब्द ती रेटून न्यायची, पण जोडाक्षर आलं की तिथंच बसायची. त्यातही 'र'शी तिचं अजिबात जमत नसे. हा 'र' कधी दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसतो, कधी पायाशी लोळण घेतो. असं वागणारं अक्षर तिला भरवशाचं वाटत नव्हतं.

उभं राहून धडा वाचायची वेळ आली की भीतीनं तिचे काटे ताठ व्हायचे, पुढच्या बाकावरच्या सशाला टोचायचे, ससा टुणकन उडायचा आणि वर्ग हसायचा. धडा तिथंच राहायचा. तिची आई तुळसाक्का दिवसभर कंद उकरायची. पोरगी सातवीत नापास झाली तर शाळा बंद करून तिलाही उकरायला न्यायचं, असं घरात ठरलं होतं. बाभळीला उकरायचं काही वाटत नव्हतं. पण सगळ्यांना हसवून शाळेतून निघून जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

सातवीला भेकरबाई शिकवायच्या. बाभळीसारखी आणखी चार-पाच पोरं त्यांच्या वर्गात होती. शाळा सुटल्यावर तासभर या मुलांना घेऊन बसते, सरकारनं फक्त खडू द्यावेत, एवढंच मागणं घेऊन बाई शिक्षणमंत्री अस्वलसाहेबांकडे गेल्या. साहेबांकडे पूर्वी मधखातं होतं. मध संपल्यावर त्यांना शिक्षण देण्यात आलं होतं.

साहेबांनी बाईंचं म्हणणं डोळे मिटून ऐकलं. निवडणूक जवळ आली होती. त्यांनी डोळे उघडले तेव्हा खडूची योजना झाली होती.

योजनेचं नाव 'उभारी'. उद्घाटनाला महाराज आले, हत्तींनी सलामी दिली, पोपटांच्या पथकानं 'कच्च्याला पक्कं, हेच आमचं नक्की' अशी घोषणा सकाळपासून दिली. महाराजांनी भाषणात सांगितलं की आपल्या रानात कुणीही 'ढ' नाही आणि यापुढे कुणाला 'ढ' म्हणता येणार नाही. त्याच दिवशी 'ढ' हे अक्षर बाराखडीतून काढून टाकण्यात आलं. अभ्यासात मागं पडलेल्या मुलांना 'संभाव्य हुशार' म्हणावं असं ठरलं.

त्यामुळे बारीकसारीक अडचणी आल्या. ढोलवाल्यांना डोलवाले व्हावं लागलं. ढगांना वरचं पाणी म्हणायची पद्धत पडली. एक फायदाही झाला. 'दरवाढ' हा शब्द लिहिता येईना, त्यामुळे त्या वर्षी दरवाढ झाल्याची नोंद कुठंच सापडत नाही. मी हे अक्षर बिनधास्त वापरतो आहे, कारण ही गोष्ट मी रानाच्या बाहेर बसून सांगतो आहे.

योजनेत संभाव्य हुशारांना रोज एक तास जादा शिकवणी, राजाच्या कोठारातून फणसाचे गरे आणि पुढं नोकरीत प्राधान्य मिळणार होतं. गरे आधी चव पाहायला मंत्र्यांकडे जायचे, मग चव बरोबर पाहिली का ते पाहायला सचिवांकडे, आणि मुलांपर्यंत उरलेल्या बिया, म्हणजे आठळ्या यायच्या. आठळ्यांत गऱ्यांपेक्षा जास्त पोषण असतं, असं परिपत्रक निघालं.

तरीही दुसऱ्या दिवसापासून शाळेसमोर पालकांची रीघ लागली. आपलं मूल किती कच्चं आहे, हे जो तो दुसऱ्यापेक्षा मोठ्यानं सांगू लागला. बिबट्याची बायको म्हणाली, आमच्याकडे कच्चेपणा तीन पिढ्यांपासून आहे. माकडांनी मोर्चा काढला आणि आपल्या सबंध जमातीला कच्चं घोषित करावं म्हणून झाडांवर रास्ता रोको केला. पिसारे नावाचे एक प्रतिष्ठित मोर होते. त्यांचा मुलगा नीलकंठ पहिलीपासून पहिला यायचा. पिसाऱ्यांनी त्याला घरी बसवून समजावलं की आता जरा घराण्याचा विचार कर आणि जे येतं ते विसर. नीलकंठ रात्री जेवला नाही.

अर्जदार वाढले, आठळ्या तेवढ्याच. मग खऱ्या कच्च्यांची निवड करायला सरकारनं प्रवेश परीक्षा ठेवली. लेखी.

परीक्षा जाहीर होताच कोल्हेसरांचा क्लास निघाला. क्लासच्या फलकावर लिहिलं होतं, 'आमच्याकडे आलेला विद्यार्थी काहीही शिकत नाही. खात्रीशीर.' तिथं पोरांना चुकायचं कसं ते शिकवायचे. अंदाजे चुकून चालत नाही, असं सर सांगायचे. बरोबर उत्तर आधी नीट पाठ करायचं, मग त्याच्या बरोबर शेजारचं लिहायचं. तुळसाक्कानं क्लासची चौकशी केली तेव्हा तिला सांगण्यात आलं की या क्लासला बसायला मुलाला किमान चांगले गुण असावे लागतात.

परीक्षेच्या दिवशी बाभळीनं प्रश्नपत्रिका हातात घेतली. पहिला प्रश्न असा होता : 'पुढील उतारा वाचून तो तुम्हाला का समजत नाही, हे मुद्देसूद लिहा.' 'ढ' गेल्यामुळे छापताना 'पुढील'चं 'पुडील' झालं होतं. बाभळी त्या पुडीलपाशी बराच वेळ थांबली. मग उताऱ्यात तिला डोक्यावर चढलेला एक 'र' दिसला, आणि तिचे काटे उभे राहिले. शेजारी नीलकंठ भराभरा चुकत होता. बाभळीनं कोरा कागद दिला आणि बाहेर येऊन शाळेच्या मागं जाऊन बसली.

निकाल लागला. नीलकंठ संपूर्ण रानात पहिला आला. चौकाचौकांत त्याचे फलक लागले : 'रानातील सर्वांत कच्चा विद्यार्थी! हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त पिसारे परिवार.' बाभळीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'अनुत्तीर्ण. सबब हुशार.'

तुळसाक्का मातीच्या हातानंच मंत्र्यांकडे गेली.

"साहेब, माझ्या पोरीला वाचता येत नाही," ती म्हणाली.

"मग तिनं तसं लिहून द्यायला हवं होतं, ताई," अस्वलसाहेब म्हणाले.

"लिहिताही येत नाही."

"हे बघा, कच्चेपणाच्या परीक्षेत मुलगी सपशेल नापास झालीय. एकही गुण नाही. इतकी हुशार मुलगी आमच्या काळात झालेली नाही. तुम्ही पेढे वाटायचे तर तक्रार काय करताय?"

तुळसाक्का परत निघाली तेव्हा साहेबांनी सचिवांना विचारून घेतलं की ही मुलगी सध्या काय करते. कारण त्यांच्यापुढे एक पेच होता. उभारीचे वर्ग सुरू करायचे होते आणि शिकवायला कुणी नव्हतं. भेकरबाईंना निवडणुकीच्या कामावर, मतदारांची शेपटं मोजायला पाठवलं होतं. बाकीचे मास्तर ती मोजणी तपासायला गेले होते. अशा वेळी हुशार मुलं वाया घालवणं सरकारला परवडणारं नव्हतं.

म्हणून परीक्षेत नापास झालेल्या मुलांना उभारीचे शिक्षक नेमण्यात आलं. बाभळीला सर्वांत हुशार म्हणून सर्वांत कच्च्यांचा वर्ग मिळाला. त्यात नीलकंठ होता, बिबट्याची जुळी होती, आणि रानातल्या सगळ्या घरंदाज घरांतली, आजवर पहिल्या पाचांत येत आलेली पोरं होती.

पहिल्या दिवशी बाभळी फळ्यासमोर उभी राहिली आणि सगळा वर्ग तिच्याकडे पाहू लागला. तिचे काटे उभे राहिले. पण या वेळी पुढच्या बाकावर ससा नव्हता, त्यामुळे कुणाला टोचलं नाही. तिनं पुस्तक उघडलं. पहिल्याच ओळीत 'सर्व' हा शब्द होता. ती 'स'पर्यंत गेली आणि थांबली. मग काहीच सुचेना म्हणून तिनं खरं ते विचारलं.

"हा वर बसलाय तो 'र' आधी म्हणायचा की नंतर?"

सगळ्यांना येत होतं आणि सगळ्यांना घरून ताकीद होती. बिबट्याची जुळी छताकडे पाहू लागली. नीलकंठनं चोच मिटून धरली. त्याला गेले कित्येक दिवस कुणी काही विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारलं की सांगायचं, ही त्याची पहिलीपासूनची सवय होती. तो थोडा वेळ तग धरून राहिला. मग त्याचा पिसारा आपोआप फुलला.

"आधी," तो म्हणाला. "जो आधी बोलतो तो पुढच्याच्या डोक्यावर बसतो. जो मागून बोलतो तो पायाशी जातो. सर्वमध्ये 'र' आधी आहे. क्रममध्ये मागून."

बाभळीनं तो शब्द पुन्हा पाहिला. सर्व. मग पुस्तक चाळून दुसरा शोधला, वर्ग. मग पायाशी बसलेला, प्राणी. इतकी वर्षं ज्या अक्षराचा तिला काही केल्या थांग लागत नव्हता, त्याला एवढा साधा नियम होता. तिला हसू फुटलं. बाई हसतायत म्हणून वर्गही हसला, आणि त्या हसण्याचं तिला काहीच वाईट वाटलं नाही.

त्यानंतर तो वर्ग रानातला सगळ्यांत गोंगाटाचा वर्ग झाला. बाभळी रोज जे अडेल ते विचारायची आणि पोरं सांगण्यासाठी एकमेकांच्या अंगावर पडायची. जुळ्यांनी तिला आठळ्या मांडून अपूर्णांक समजावले, आणि समजावता समजावता खाऊन टाकले. घरी गेल्यावर पोरं सांगायची, आज काही कळलं नाही. पालक खूश व्हायचे.

एकदा अस्वलसाहेब तपासणीला आले. त्यांना पाहताच वर्गातली झाडून सगळी पोरं अडखळून वाचू लागली. बाभळीही अडखळून वाचत होती, पण ती मनापासून. साहेबांनी शेरा दिला की ही शिक्षिका मुलांच्या पातळीवर उतरून शिकवते, असं दृश्य अन्यत्र पाहायला मिळत नाही.

शेवटी निवडणुकीची मोठी सभा आली. महाराजांना वाचायचा सराव नव्हता. भाषण त्यांच्या कानात सांगायला एक पोपट असायचा, पण घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज बसला होता. तेव्हा अस्वलसाहेबांना कल्पना सुचली की महाराजांचं भाषण आपल्या योजनेतल्या सर्वांत हुशार शिक्षिकेनंच वाचावं. सायाळींची मतंही बरीच होती.

बाभळीनं कागद हातात घेतला. समोर सगळं रान बसलं होतं. कडेला भेकरबाई शेपटं मोजत उभ्या होत्या. बाभळीनं सुरुवात केली आणि कागदावर जे जे होतं ते सगळं वाचलं, कारण एकही शब्द गाळायचा नाही असं तिनं ठरवलं होतं.

"माझ्या प्राणप्रिय बंधू-भगिनींनो. इथे थांबावे. गळा दाटून आल्यासारखे करावे."

महाराज व्यासपीठावर बसले होते. त्यांना क्षणभर काय करावं कळेना, पण सवय होती. त्यांचा गळा दाटून आला.

"मी सर्वांसाठी दिवसरात्र कष्ट करतो. उजवा पंजा डोळ्याला लावावा. टाळ्या पडेपर्यंत दूरवर पाहावे."

महाराजांनी पंजा लावला आणि दूरवर पाहिलं. टाळ्या पडल्या.

"कोठार रिकामे का, असे कुणी विचारल्यास प्रकृती बरी नसल्याचे सांगावे."

एका म्हाताऱ्या वानरानं, खरं म्हणजे वाचलेलं नीट ऐकू आलं नाही म्हणून, उभं राहून विचारलं की कोठार रिकामं आहे का. महाराज म्हणाले, माझी प्रकृती बरी नाही. हे ऐकताच सभा कळवळली. हत्ती रडले. महाराजांच्या आरोग्यासाठी तिथल्या तिथं सामुदायिक प्रार्थना झाली. आतलं-बाहेरचं सगळं असं उघड वाचून दाखवणारा राजा आजवर झाला नाही, असं लोक एकमेकांना सांगू लागले.

बाभळीचं यांतल्या कशाकडेच लक्ष नव्हतं. 'प्रकृती' हा शब्द आपण न थांबता वाचला, एवढंच तिच्या मनात होतं. तिनं कडेला पाहिलं. भेकरबाई मोजायच्या थांबल्या होत्या आणि नुसत्या तिच्याकडे पाहत होत्या. आकडा विसरल्यामुळे नंतर त्यांना सगळ्या रानाची शेपटं पहिल्यापासून मोजावी लागली. त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही.

महाराज प्रचंड मतांनी निवडून आले. वार्षिक परीक्षेत उभारीचे सगळे विद्यार्थी पहिले आले, नीलकंठ सर्वांत पहिला. कच्ची मुलं एका वर्षात अव्वल आल्याचे फलक लागले. बाभळी मधोमध कुठंतरी पास झाली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी. तुळसाक्कानं त्या दिवशी कंद उकरायला सुट्टी घेतली आणि गुळातली रताळी केली. नीलकंठ खायला आला आणि बाभळीच्या शेजारी, काट्यांचा अंदाज घेत, जपून बसला.

त्याच आठवड्यात राजपत्र आलं. तुळसाक्कानं हात पुसून ते लेकीसमोर ठेवलं आणि वाच म्हणाली. बाभळीनं एकदाही न अडता वाचलं : योजना पूर्ण यशस्वी झाली असून उंबरवनात आता एकही मूल कच्चं उरलेलं नाही, सबब योजना बंद करण्यात येत आहे.

तुळसाक्का कौतुकानं ऐकत होती. मग तिनं विचारलं, "हे खरं आहे का गं?"

"ते कसं सांगू, आई?" बाभळी म्हणाली. "'चूक की बरोबर ते लिहा' हा प्रश्न आठवीपासून असतो. यंदा तो वगळलाय."