दुसऱ्यांदा चढवलेली कढई

फार फार वर्षांपूर्वी तुर्कांच्या मुलखात, खाडीकाठच्या एका गावात, एक बाई अंगणात कपडे वाळत घालत होती. दिवस नेहमीसारखाच होता. पैलतीरावरून नावाडी आला आणि म्हणाला, "बाई, तुमची थोरली बहीण फार आजारी आहे. तुम्हाला बघायचंय म्हणते. चला, नाव काठालाच आहे."

दोघी बहिणी सात वर्षे बोलत नव्हत्या. थोरलीच्या मुलीच्या लग्नात, भरल्या पंगतीत, धाकटी म्हणाली होती, "ताईने वड्या नाही, डिंक वाढलाय. दात सांभाळा!" सगळे पोट धरून हसले. थोरली त्यानंतर खाडी ओलांडून कधी आली नाही. चूक आपलीच, हे धाकटीला ठाऊक होते. पण तसे म्हणायला तिची जीभ वळत नव्हती.

त्या गावात अशा लोकांसाठी एक सोय होती. रुसवा मिटवायचा तर लोकुम न्यायचे. लोकुम म्हणजे साखरेच्या पाकात गव्हाचे सत्त्व घोटून केलेल्या, गुलाबपाण्याच्या मऊ वड्या. त्या स्वतःच्या हाताने, घरी केलेल्या हव्यात. समोरच्याने एक वडी तोंडात टाकली, की मागचे सारे मिटले. कोणी अवाक्षर बोलायची गरज नसे.

"काका, उद्या या," धाकटी म्हणाली. "रिकाम्या हातांनी कशी येऊ?"

"अहो, आजाऱ्याला भेटायचंय, लग्नाला नाही जायचं!"

पण ती चुलीकडे वळली होती.

लोकुम मंद आचेवर, कढईचा तळ सोडेपर्यंत घोटावे लागते, मग रात्रभर थिजू द्यावे लागते. तिने घाईघाईने मध्येच उतरवले. दुसऱ्या सकाळी सुरी घातली, तर अख्खा गोळा सुरीला चिकटून वर आला. नावाडी दारात येऊन उभाच होता.

"घ्या तसंच. ती काय नावं ठेवणार आहे?"

"तिच्या घरचे ठेवतील ना! मी तिच्या वड्यांना डिंक म्हटलं होतं. आता हे घेऊन जाऊ?"

तिने तो गोळा फेकून दिला आणि पुन्हा पाक चढवला. या वेळी हात थांबू दिला नाही. खांदा भरून आला, तळहाताला फोड आले. तिसऱ्या सकाळी वड्या सुरेख कापल्या गेल्या. त्या पिठीसाखरेत घोळवून तिने डबा भरला आणि नावेत बसली.

पलीकडे भाची उंबऱ्यात बसली होती.

"मावशी, आई काल दुपारी गेली. सकाळी माती दिली."

काल दुपारी धाकटी कढई घोटत होती. दुसरे काही सुचेना, म्हणून तिने डबा पुढे केला.

"चार दिवस तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं," भाची म्हणाली. "हे कोणी खायचं होतं? नाव दिसली की उशी उंच करायला सांगायची. तू नसायचीस."

मुलांनो, मोठ्यांनो, जे तोंडाने सांगायचे ते हातांवर ढकलू नये. माणूस ऐकायला आहे तोवर सांगून टाकावे.

धाकटी पुढे पुष्कळ वर्षे जगली. "ताई, माझं चुकलं," एवढे सांगायचे राहून गेले.