शंभर धाग्यांची काडी

तांबट आळीच्या उताराला एक तळं होतं, तेव्हाची ही गोष्ट. आळीत तांब्याची भांडी चिंचेने घासत आणि ते धुवण तळ्यात उतरे. तांबं अंगात भिनून मासे पोट वर करून तरंगू लागले.

लव्हाळ्यावर जाळं विणणारी आठ पायांची कोळीण म्हणाली, "माझा प्रत्येक धागा पाण्यातलं काही ना काही धरतो. तांबं धरणारा कोणता, तेवढं शोधायला हवं."

"रोज एक बुडवून बघू," म्हातारा खेकडा म्हणाला. "आमच्यात घाई करायची पद्धत नाही."

"अहो, तोवर एक तरी मासा उरेल का?" कोळीण चिडली. तिने शंभर तऱ्हांचे शंभर धागे एका काडीला ओळीने बांधले आणि सगळे एकदम पाण्यात सोडले.

संध्याकाळी काडी वर काढली. बहुतेक धागे कोरेच होते. एक मात्र दोरखंडासारखा फुगला होता.

"हाच!" खेकडा ओरडला. "बघा, किती धरलंय!"

"त्यात माझ्या शंखाला लागणारा पाण्यातला चुनाही गेलाय," तळ्यातली गोगलगाय रडवेली झाली. "उद्या शंखच उरायचा नाही मला."

मग कोळिणीला टोकाचा एक बारीक धागा दिसला. तो तांब्याच्या गंजासारखा नुसता मोरपिशी झाला होता. दुसरं काहीच त्याला चिकटलं नव्हतं. तसलेच धागे तिने तळ्याच्या तोंडाशी विणले. आठवड्याभरात उरलेले मासे सरळ पोहू लागले.

खेकड्याने त्या धाग्याला विचारलं, "काय रे, पाण्यात एवढा चुना होता, तुला दिसला नाही?"

"दिसला की," धागा म्हणाला. "पण तो गोगलगाईचा होता."