गोजीच्या पायाशी कोरलेलं नाव

एकदा काय झालं, एक होता पाथरवट. सटवा त्याचं नाव. बायको देवाघरी गेलेली. घरात एक शेळी आणि गोजी नावाची चिमुरडी लेक. सटवाला वाचता येत नव्हतं, पण अक्षर कोरायचा कसं, मोत्यासारखं! कारकुनानं दगडावर गेरूनं लिहायचं, यानं त्यावर छिन्नी चालवायची. काय लिहिलंय ते कधी विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय, म्हणायचा.

मग एकदा राजाच्या कारकुनानं तीन ओळी लिहिल्या आणि तो सात नद्यांपलीकडे निघून गेला. सटवानं त्या कोरल्या, डोंगरातल्या झऱ्यापाशी दगड रोवला. गावात वाचणारं एक माणूस नाही, आणि राजानं तिथे दगड लावला! शहाणाच म्हणायचा.

ऊन मी म्हणत होतं. गोजी म्हणाली, "बाबा, तहान लागली." मग सटवानं आपल्या ओंजळीनं तिला झऱ्याचं पाणी पाजलं. आणि बरं का, पाणी पोटात गेलं मात्र, पोर उभ्या उभ्या दगड झाली!

सटवानं ऊर बडवून घेतला. "माझ्या हातानं मी काय कोरलं?" सारखं हेच. सांगणार कोण?

मग तो देवळात गेला. तिथल्या दगडावर देवाचं नाव आहे, हे सगळ्यांना ठाऊक. ते म्हणत म्हणत त्यानं एकेका अक्षरावर बोट ठेवलं. मग वेशीवर गेला, तिथे गावाचं नाव. मग धर्मशाळेत, तिथे राणीचं. असं दगडादगडावरून अक्षर वेचलं. केस पिकले, तेव्हा कुठे झऱ्यावरचा दगड वाचता आला.

हे पाणी पिऊ नका. पिईल तो दगड होईल. आणि तिसरी ओळ, दिवस मावळायच्या आत दुधानं न्हाऊ घाला, उठेल.

पोर दगड झाली त्या दिवशी घरी शेळी होती रे बाळांनो! दूध होतं. दिवसही मावळला नव्हता.

तरी तो धावत जाऊन दूध घेऊन आला. पोरीला न्हाऊ घातलं. नाही उठली.

मग सटवा तिथेच बसायला लागला. येईल त्या पोराचं बोट धरून अक्षरांच्या खाचांतून फिरवायचा. पहिला शब्द शिकवायचा गोजी. तो त्यानं तिच्या पायाशी कोरला होता. गावातलं पोर पुन्हा दगड झालं नाही. सगळी शिकली, मोठी झाली, सुखानं नांदली. सटवा मात्र मरेपर्यंत रोज लेकीला दुधानं न्हाऊ घालत राहिला.

रडू नका आता. पांघरुणं घ्या. मला तरी कुठे वाचता येतं? उद्या तुमच्या पुस्तकातलं पहिलं अक्षर काढा, आणि त्यावर आजीचं बोट ठेवा. निजा.