बंदुकीचा वाटा

“राज्यात एकही बंदूक उरता कामा नये!” असा हुकूम खैरवलीच्या राजे निंबाजीरावांनी सोडला आणि वाड्यावर जमा झालं काय? वाळवीने खाल्लेला बंदुकीचा एक लाकडी दस्ता, नळीच नसलेली एक बंदूक आणि रंगपंचमीची पितळी पिचकारी!

हुकुमाला कारण तसंच होतं. वरातीत हवेत बार काढायची खोड साऱ्या राज्याला. परवा एका वरातीत छर्रा हवेत जायचा तो सनईवाल्याच्या मांडीत गेला. तो असा काही सूर लावून किंचाळला, की वऱ्हाडाने आधी ‘वाहवा’ केली, मग वैद्य शोधला!

राज्य म्हणजे एकच गाव आणि गावचे मानकरी दोन, दाजी खोत आणि राघो आबा. पांढऱ्या मिशा, कपाळाला गंध आणि जिभेवर अट्टल खोटं. दोघांनी देवीसमोर शपथ घेतली.

“माझी बंदूक नदीत बुडाली,” दाजी म्हणाले.

“माझी चोरांनी नेली,” आबा म्हणाले.

आणि त्याच संध्याकाळी डोंगरात धडाम्! धडाम्!

राजे खवळले. पण मानकऱ्यांच्या वाटेला कोण जाणार? त्यांनी धरलं कुणाला, तर दवंडी देणाऱ्या सोनूला! “तूच दवंडी तोंडातल्या तोंडात पुटपुटलास! पुनवेपर्यंत बंदुका आल्या नाहीत तर तू हद्दपार!” सोनूची रवानगी कोठडीत झाली.

सोनूची मुलगी आवडी तरातरा वाड्यावर आली. मुजरा नाही, काही नाही.

“महाराज, माझा बाबा ओरडला की खाडीपल्याडच्या म्हशी उठून उभ्या राहतात. एवढ्या म्हाताऱ्यांच्याच कानात आवाज शिरत नाही होय?”

“जीभ आवर, पोरी!”

“बाबाला सोडा, आवरते.”

राजे हटवादी. “मग तूच आण बंदुका! पण कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, कुणाला दम द्यायचा नाही, खजिन्यातली दमडी वाटायची नाही. नाही जमलं, तर बापाचा हात धरून तूही राज्याबाहेर!”

“चालेल. मला फक्त रानडुकरं मारून द्या. चांगली मोठी. आणि वाटप होईल तेव्हा वडाखाली येऊन बसा. मध्ये बोलू मात्र नका.”

आता खैरवलीची रीत अशी, की पारध झाली की वडाखाली केळीची पानं मांडून मटणाचे वाटे पडायचे. घराला एक वाटा आणि बंदुकीला वेगळा वाटा. वाटा घ्यायचा, तर बंदूक पानाशेजारी ठेवायची. आणि सगळ्यांत जुन्या बंदुकीला सगळ्यांत मोठ्या डुकराची मुंडी! त्या मुंडीपायी इथे सख्ख्या भावांनी एकमेकांच्या मयताला जायचं सोडलं होतं.

राजांनी डुकरं मारली. सारं गाव वडाखाली जमलं. राजे बाजेवर बसले. आवडीने घरांचे वाटे घातले आणि ओरडली, “आता बंदुकीचे वाटे! यंदा ज्या बंदुकीने वाटा घेतला नाही, तिचा मान कायमचा बुडाला!”

दाजी वडाची पानं मोजायला लागले. आबांना एकाएकी खोकला आला.

“कुणाकडेच नाही? बरं! मग आठवणीवर देते. राघो आबा, तुमच्या आज्याची बंदूक म्हणे सगळ्यांत जुनी होती. घ्या मुंडी!”

आबांचा खोकला जागीच थांबला. त्यांनी हात पुढे केला आणि दाजी ताडकन उठले.

“याच्या आज्याची जुनी? अगं, याचा आजा माझ्या पणज्याची बंदूक पुसायला होता!”

“पण दाजी, तुमची तर नदीत बुडाली ना?”

“बुडाली होती! पोहून आली!”

“अन् माझी चोरांनी परत आणून दिली!” आबा गरजले. “देवमाणसं होती बिचारी!”

“रीत म्हणजे रीत,” आवडी म्हणाली. “बंदूक नाही, तर मुंडी नाही.”

धोतर सावरत दोन्ही म्हातारे घराकडे धावले. मग काय! सारा गाव धावला! त्याचा मान राहतो आणि माझा बुडतो म्हणजे काय? गवताच्या उडवीतून बंदुका निघाल्या, भाताच्या कणगीतून निघाल्या, आजारी सासूच्या गादीखालून निघाल्या. सासूने शिव्या दिल्या त्या वेगळ्या. एक बंदूक तर चक्क पाळण्यातून आली, अंगडं-टोपडं घातलेली!

पानांशेजारी बंदुकांची रांग लागली. पहिल्या पानावर मुंडी, तिच्या एका बाजूला दाजींची बंदूक, दुसऱ्या बाजूला आबांची. दोघे एकमेकांच्या मिशीला मिशी भिडवून उभे. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

“थांबा! डुकरं मारली आमच्या बंदुकीने आणि मुंडी या दोघांना? आमच्या खापरपणज्यांची बंदूक आहे ही!”

राजे तावातावाने आले. खांद्यावरची चांदीच्या पट्टीची बंदूक त्यांनी स्वतःच्या हाताने मुंडीशेजारी ठेवली. आवडीने मुंडी उचलून त्यांच्या ओंजळीत दिली.

“झालं, महाराज! राज्यातल्या सगळ्या बंदुका आल्या. शिपायांना सांगा, गाडीत भरा.”

दाजी मटकन खाली बसले. आबांना खराखुरा खोकला आला.

राजे मुंडी धरून तसेच उभे. “सगळ्या? आमचीसुद्धा? अगं, हुकूम आमचाच होता! पण हे लोक इतके दिवस ऐकत का नव्हते, ते तर सांग.”

“ऐकत होते की! कान दवंडीकडे होते आणि डोळे तुमच्या खांद्याकडे!”

राजांनी खांद्याकडे पाहिलं. खांदा रिकामा. हातात डुकराची मुंडी. समोर अंगडं घातलेली बंदूक. राजे जे हसत सुटले, ते पोट धरायला हात मोकळा मिळेना, म्हणून मुंडी दाजींच्या मांडीवर टाकून हसले!

“भरा गाडी! आमची आधी भरा!” डोळे पुसत ते म्हणाले. “सोनूला आत्ता सोडा. खाडीकाठची भातजमीन या पोरीच्या नावे करा. आणि बंदुका सरकारजमा झाल्या, तर त्यांचे वाटेही सरकारचेच! ते सगळे आवडीच्या घरी पोचवा. पोचवतील दाजी आणि आबा, डोक्यावरून!”