अनवाणी मूठ

सलग दोन वर्षं वाकडी गावाची पेरणी करपली, आणि त्याला ढग नव्हे, दौलतराव आबा जबाबदार होते. मृग निघाला की आबांनी तिफणीच्या चाड्यावर बियाण्याची पहिली मूठ धरायची आणि त्याच दिवशी अख्ख्या गावानं पेरायचं, असा दंडक होता. पाऊस आता महिनाभर उशिरा येतो, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आबांना कळून घ्यायची गरज नव्हती. त्यांच्या विहिरीला पाणी होतं.

यंदा कावेरीकडे घरच्या तुरीचं एकच पोतं उरलं होतं. तेही करपलं तर तिचं रान पडीक राहणार होतं. मृगाच्या दुपारी आबा मूठ धरायला आले, तेव्हा ती तिफणीपुढे आडवी उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी. तुझा बापही माझ्याच मुठीवर पेरायचा."

"मीही पेरते की, आबा. पण मूठ अनवाणी धरायची, हा रिवाज तुम्हीच सांगता ना? मग पायात बूट कशाला?"

माणसं फिदीफिदी हसली. आबांनी तणतणत बूट काढले आणि तिफणीमागं चालायला तापलेल्या ढेकळांत पाय टाकला. चौथ्या पावलाला ते "आयाया" करत बांधावरच्या सावलीकडे पळत सुटले.

"अहो आबा, तुम्ही चार पावलं टिकला नाहीत," कावेरी म्हणाली, "आणि माझ्या दाण्यानं तिथं महिनाभर पडून राहायचं?"

गड्यांनी तिथल्या तिथं तिफणींचे बैल सोडले. पाऊस मुरल्यावर गावानं पेरलं, आबांना न विचारता. आबांच्या दोन्ही तळपायांना फोड आले, आणि पहिल्या मुठीचा चाळीस वर्षांचा मान गेला.